मशीन घेत नाही

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. एकाने काहीतरी वाचून यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, एवढाच नेम. जूनच्या बैठकीत ग्रंथपाल म्हणाले, "सगळीकडं एआय-एआय चाललंय. माणसाच्या आयुष्यावर यंत्राचा ताबा येतो अशा कथा असतात, त्यांच्यावर कुणीतरी बोला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बोलायला कुणीच तयार होईना. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. विज्ञानकथा म्हणाल तर नारळीकरांच्या चार-पाच वाचलेल्या, त्याही मुलांना वाचून दाखवायच्या म्हणून. तरी माझ्या तोंडून "मी बोलते" निघून गेलं. घरी येऊन नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'एआय' लिहिलं, आणि त्याचा पूर्ण शब्द काय हे विचारायला मला भाच्याला फोन करावा लागला.

भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. म्हणाला, "मावशी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स. कृत्रिम बुद्धिमत्ता. पूर्वी मशीनला एकेक नियम सांगायला लागायचा. आता ढीगभर उदाहरणं दाखवतात आणि त्यातलं सारखेपण ते स्वतःच हुडकून काढतं." मला काही केल्या उमजेना. मग मला तांदूळ आठवले. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, मला तांदूळ निवडायला शेजारी बसवलं. खडा कसा ओळखायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. महिनाभर सुपं पाखडून माझी बोटं आपोआप खड्याकडे जायला लागली. "तसंच काहीसं का?" मी विचारलं. "अगदी तसंच," तो म्हणाला, "फक्त खडा दाताखाली आला की काय होतं, ते मशीनला माहीत नसतं." त्या दिवसापुरतं मला एवढंच समजलं आणि तेवढंच मी वहीत उतरवलं.

वाचनालयाच्या फळ्यावर लावायला मी कार्डशीटवर एक रोबो काढला. पत्र्याचं चौकोनी डोकं, छातीवर दिवे, हातात बंदूक. आदल्या रात्री 'द टर्मिनेटर' हा 1984 चा सिनेमा पाहिला होता. भीती वाटली, पण ती वाघाची वाटावी तशी. सिनेमा संपला आणि भीतीही संपली. मग 'रोबो' हा शब्द आला कुठून ते बघायला बसले. तो जपानी असणार, अशी माझी खात्री होती. निघाला चेक. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक 1920 साली छापलं गेलं, त्यातून तो जगभर गेला. चापेकना तो सुचवला त्यांच्या चित्रकार भावाने, योसेफने. मूळ शब्द 'रोबोटा', म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे सक्तीने करायचं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार! आणि नाटकातले रोबो पत्र्याचे नाहीतच. ते कारखान्यात तयार केलेल्या एका जिवंत पदार्थाचे आहेत, दिसायला माणसासारखेच. शेवटी ते उठाव करतात आणि माणसं मारतात, पण एकाला सोडतात, कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. हे वाचून मी उठले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आत तो पत्र्याचा रोबो फळ्यावरून काढून आणला.

भाच्याने पाठवलेल्या यादीत सगळ्यात जुनी कथा ई. एम. फॉर्स्टर यांची होती, 'द मशीन स्टॉप्स'. 'अ पॅसेज टू इंडिया'वाले फॉर्स्टर एवढं मी ऐकून होते. ही कथा 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू'मध्ये नोव्हेंबर 1909 मध्ये आली. तीन भाग आहेत, सगळे मिळून बारा हजार शब्दांच्या आसपास. दोन संध्याकाळींत वाचून होईल आणि तिसऱ्या दिवशी मराठीत सारांश लिहीन, असा माझा हिशेब होता. मला 19 दिवस लागले.

सुरुवातीलाच अडकले. एका लहान षटकोनी खोलीचं वर्णन आहे, मधमाशीच्या 'सेल'सारखी. माझ्या शब्दकोशात सेल म्हणजे पेशी. वहीत लिहिलं, 'मधमाशीच्या पेशीसारखी खोली', आणि अर्धा तास मधमाशीची पेशी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत राहिले. खाली दुसरा अर्थ होता, कोठडी. तो लिहून पाहिला, तर मधमाशीला कोठडी कुठली? शेवटी आत्तींना विचारलं, पोळ्यातल्या त्या एकेका भोकाला काय म्हणायचं. आत्ती 84 वर्षांच्या आहेत, उन्हात बसून वाती वळत होत्या. "घरं म्हणत्यात की," त्या म्हणाल्या. मग चित्र उभं राहिलं. सगळी माणसं जमिनीखाली, एका अवाढव्य पोळ्यात, प्रत्येकजण आपापल्या घरात एकटा. खोलीला खिडकी नाही, दिवा नाही, तरी उजेड आहे. वाजवणारं कुणी नाही, तरी गाणं चालू आहे. मधोमध एक खुर्ची आणि खुर्चीत वाश्ती नावाची बाई, अळंबीसारख्या पांढऱ्याफटक चेहऱ्याची. भिंतींवर जिकडेतिकडे बटणं: जेवणाचं, कपड्यांचं, गरम पाण्याचं, गार पाण्याचं, वाङ्मयाचंसुद्धा. हे सगळं एक प्रचंड यंत्र पुरवतं. मी ही तुरुंगाची गोष्ट समजून वाचत होते. दोन-तीन पानांनी कळलं की त्या बाईला ती खोली मनापासून आवडते.

वाश्तीचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अशाच खोलीत राहतो. तो बोलवतो तेव्हा तिच्या हातातली एक गोल तबकडी निळी उजळते आणि त्यात तो दिसतो. उजळायला पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात ती वैतागते. मुलाला ती पाच मिनिटं देऊ करते, कारण तिला ऑस्ट्रेलियन काळातल्या संगीतावर व्याख्यान द्यायचं असतं, तेही खोलीत बसूनच. ती हजारो माणसांना ओळखते. कुनो म्हणतो, मला भेटायला ये, समोरासमोर. तिला कळतच नाही, दिसतोय की हा, मग आणखी काय हवंय याला? इथे फॉर्स्टर सांगतात की तबकडीत चेहऱ्यावरच्या बारीक छटा उमटत नसत. माणसाची ढोबळ कल्पना येई आणि तेवढी पुरे असं सगळ्यांनी धरलेलं होतं. मी पुस्तक मिटलं. माझा मुलगा बेंगळुरूला असतो, दर रविवारी सकाळी आम्ही फोनवर एकमेकांना बघतो. मागच्या दिवाळीत तो सहा महिन्यांनी घरी आला आणि दारात पाऊल टाकताक्षणी मला दिसलं की तो किती वाळलाय. त्या सहा महिन्यांतला एकही रविवार चुकलेला नव्हता.

वाश्ती अखेर हवाई जहाजाने निघते. तिथला एक प्रसंग मला तीनदा वाचावा लागला. जहाजात चढायला रांग लागलीय आणि पुढच्या माणसाच्या हातून त्याचं पुस्तक खाली पडतं. हे पुस्तक म्हणजे यंत्राची सूचनापुस्तिका, जवळजवळ पोथीच, प्रत्येकाजवळ असतं. खोलीत ते पडलं तर जमीनच वर येऊन हातात देते. इथली जमीन तशी नाही. पुस्तक पडलेलंच राहतं. रांग थांबते. तो माणूस वाकत नाही. तो आपल्या दंडाला हात लावून बघतो. आधी मला वाटलं, त्याला दुखापत झाली. तसं मी लिहिलंही. तिसऱ्या वाचनात उमगलं: आपल्या दंडाने आपल्याला दगा कसा दिला, हे तो चाचपून बघतोय. वाकून उचलायचं असतं हेच त्याला सुचत नाही. मग रांग पुढे सरकते आणि माणसं त्या पुस्तकावर पाय देत आत जातात. थोड्या वेळाने वाश्तीचा तोल जातो आणि जहाजावरची परिचारिका तिला हाताने सावरते, तर वाश्ती संतापते, कारण आता कुणी कुणाला हात लावत नाही. वाटेत खाली हिमालय दिसतो. ती पडदा ओढून घेते, त्यात तिला काही कल्पना सुचण्यासारखं वाटत नाही. मी 'दुखापत' खोडलं आणि त्या जागी 'दंड चाचपला' लिहिलं. एवढ्या दोन शब्दांना माझी एक सबंध संध्याकाळ गेली.

दुसऱ्या भागाचं नाव मी 'दुरुस्ती यंत्रणा' केलं. त्यात कुनो आईला सांगतो की तो परवानगीशिवाय जमिनीवर जाऊन आला. त्याची सुरुवात त्याने किती साधी केली! खोलीबाहेर येऊन तो येरझाऱ्या घालायला लागला. दमला, बसला, पुन्हा चालला. चालून चालून त्याला 'जवळ' आणि 'लांब' हे दोन शब्द परत मिळाले. पायांनी पटकन पोहोचता येतं ते जवळ. मग जुन्या काळच्या हवेच्या एका भुयारातून तो वर चढला, त्याने गवताच्या टेकड्या पाहिल्या, आणि दुरुस्ती यंत्रणेच्या लांब पांढऱ्या अळ्यांनी त्याला धरून परत खाली ओढलं. याच भागात एक गोष्ट दोन ओळींत येऊन जाते: जन्मलेलं मूल फार दणकट निघालं तर त्याला जगू देत नाहीत, कारण बळकट माणूस यंत्राच्या राज्यात सुखी होणार नाही. आम्ही शाळेत दरवर्षी मुलांची उंची-वजनं नोंदवायचो. काटक मूल दिसलं की आम्हाला बरं वाटायचं. त्या दोन ओळींनंतर मी त्या रात्री पुढे वाचू शकले नाही.

इथे मी एक चूक केली, ती तशीच सांगते. बैठक नऊ दिवसांवर आली होती आणि तिसरा भाग बाकी होता. मी फोनमधल्या एका एआयला म्हटलं, शेवटच्या भागाचा सारांश मराठीत दे. क्षणात दिला. मराठी इतकं सफाईदार की माझ्या आठ दिवसांच्या खाडाखोडीची मला लाज वाटली. त्यात लिहिलं होतं की कुनो यंत्र मोडतो आणि लोकांना वर, मोकळ्या हवेत घेऊन जातो. मी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं. रात्री झोप येईना म्हणून मूळ तिसरा भाग उघडला. कुनो यंत्र मोडत नाही. कुणीच मोडत नाही. आणि त्याच भागाच्या आरंभी एक नामांकित व्याख्याता लोकांना बजावताना भेटतो की स्वतः पाहून-अनुभवून केलेल्या विचारांपासून सावध राहा. विचार दहा जणांच्या हातांतून गाळून आलेला असावा, तोच शुद्ध. मी ती दोन पानं वहीतून फाडली. फोनवर माझा राग नव्हता. मी न वाचता सही केली होती.

तिसऱ्या भागात यंत्र बिघडायला लागतं. एकदम नाही. आधी गाण्यात मधेच एक धाप लागल्यासारखा आवाज येतो. वाश्ती तक्रार करते. दुरुस्ती यंत्रणेची समिती सांगते, लवकरच बघू. आवाज येतच राहतो. काही दिवसांनी तो तिला खटकेनासा होतो, तो चालीचाच भाग वाटायला लागतो. मग आंघोळीच्या पाण्याला वास येतो, फळं बुरसटतात. कविता तयार करणारं एक मशीन असतं, त्याची यमकं बिघडतात. (1909 साली कविता करणारं मशीन! मी तारीख परत एकदा तपासली.) दर वेळी लोक आधी कुरकुरतात आणि मग सवय करून घेतात. मी या सबंध भागात शत्रू शोधत होते. समिती वाईट म्हणावी तर तिलाही काही माहीत नाही. फॉर्स्टर स्पष्ट सांगतात की सगळं यंत्र समजणारं माणूस जगात एकही उरलेलं नव्हतं. जो तो आपल्यापुरता तुकडा सांभाळत होता. मी वहीत 'खलनायक' असं लिहून पुढे रेघ मारून ठेवली होती. रेघेवर लिहायला नाव सापडत नव्हतं. शिवाय माझं भाषांतर निर्जीव होतं. 'यंत्राने विनंती स्वीकारली नाही.' असं कोण बोलतं?

दुसऱ्या दिवशी आत्तींना घेऊन रेशनच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन आहेत, आम्हाला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी आत्तींना स्टुलावर बसवलं आणि मशीन पुढे केलं. आत्तींनी अंगठा पदराला पुसून काचेवर ठेवला. मशीनने बारीक आवाज केला. पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. दुसरा अंगठा. मग एकेक बोट. आत्तींची हयात भांगलणीत गेली, घरची भांडी राखेने घासण्यात गेली. बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्यात. मागे रांग होती. एकाने सांगितलं, हात धुऊन बघा. दुसऱ्याने सांगितलं, थोडं तेल लावा. आत्ती ज्याने त्याने सांगितलं ते मुकाट्याने करत होत्या आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघत होत्या जणू त्यांचंच काहीतरी चुकतंय. शेवटी दुकानदार हळहळून म्हणाले, "काय करू वहिनी, मशीन घेत नाही."

माझ्या पोटात काहीतरी हललं. मुलांना कर्ता ओळखायला मी कसं शिकवत आले? क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावा आणि विचारा, कोण? खाणारा कोण? जाणारा कोण? घेणारा कोण? मशीन. वाक्य अगदी शुद्ध होतं. दुकानदार त्यात नव्हते, धान्य देणारं खातं त्यात नव्हतं, समोर बसलेल्या आत्ती तर कुठेच नव्हत्या. सगळ्या दुकानात आत्तींना न ओळखणारं एकही माणूस नव्हतं. तरी त्या आत्ती आहेत की नाहीत हे ठरवायचं वाक्य ज्याच्यावर उभं होतं, तो कर्ता माणूस नव्हता. घरी आले आणि पहिल्या पानापासून 'यंत्र' खोडून 'मशीन' लिहीत सुटले. शुद्ध शब्द म्हणून मी 'यंत्र' धरून बसले होते, आणि शुद्ध शब्दात ती भीतीच येत नव्हती. 'मशीन घेत नाही. मशीन देत नाही. मशीनमध्ये दिसत नाही.' वाश्ती माझ्या गल्लीतली बाई झाली. 'खलनायक'पुढची रेघ मी मोकळीच ठेवली आणि मथळा बदलून 'कर्ता' केला.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो जरा वेळाने म्हणाला, "मावशी, पण रेशनचं मशीन एआय नाही. ते फक्त ठसा नोंदीशी जुळवून बघतं. आणि फॉर्स्टरचं मशीन तरी कुठं विचार करतंय?" त्याचं बरोबर होतं. आपण भलतंच धरून बसलो की काय, या काळजीने मी यादीतल्या आणखी दोन कथा घाईने वाचल्या. जॅक विल्यमसन यांची 'विथ फोल्डेड हँड्स', 1947 ची. तिच्यातली यंत्रमाणसं माणसाला इजा होऊ द्यायची नाही म्हणून इतकी जपतात की सुरी, गाडी, हत्यार, सगळं काढून घेतात. ज्याला हे सहन होत नाही त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला सुखी करतात. शेवटी माणसाला हाताची घडी घालून बसण्यावाचून काही उरत नाही. दुसरी आयझॅक असिमोव्ह यांची 'द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट', 1950 ची. चार विचारी मशीनं जगाचा कारभार बघतात आणि त्यांना विरोध करणाऱ्यांना अगदी हलक्या हाताने, कुणाला कळणार नाही असं, बाजूला सारतात. असिमोव्हच्या कथेत हे बरं झालं असा सूर आहे आणि तो मला पटला नाही. या दोन्ही कथांतली मशीनं विचार करतात, फॉर्स्टरचं करत नाही. पण तिन्हींत माणसं मशीनला एकच गोष्ट विचारतात, आता आम्ही काय करू? मी भाच्याला तसं कळवलं. "हे तू बैठकीत बोल," तो म्हणाला.

बैठकीला त्या दिवशी पंधरा जण होते. मी वाचून दाखवलं. बोलता बोलता म्हणून गेले की फॉर्स्टर पडले इंग्रज, आपल्याशी त्यांचा काय संबंध, पण कथा आपली वाटते. ग्रंथपाल काही बोलले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी कपाटातून 'द हिल ऑफ देवी' काढून माझ्या हातात ठेवलं. 1953 चं पुस्तक, लेखक तेच. ही कथा लिहिल्यावर बारा वर्षांनी, 1921 साली, फॉर्स्टर देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी सचिव म्हणून काही महिने राहिले होते. मराठा संस्थान. आणि तुकोजीराव म्हणजे आमच्या शाहू महाराजांचे जावई. तिथली गोकुळाष्टमी फॉर्स्टरनी डोळ्यांनी पाहिली आणि 1924 मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागात आणली. त्या गर्दीत, त्या गाण्यात, तुकारामांचं नाव आहे. ज्या माणसाने एकेकट्या घरांतली, स्पर्शाला घाबरणारी माणसं लिहिली, तो नंतर एका देवळात, घामाने भिजलेल्या, खांद्याला खांदा लावून गाणाऱ्या मराठी माणसांत उभा होता. 'आपल्याशी काय संबंध' हे माझे शब्द पंधरा जणांनी ऐकले होते. पुढच्या बैठकीत ते मला परत घ्यायचे आहेत.

रात्री आत्तींनी विचारलं, एवढं काय लिहीत होतीस महिनाभर. मी त्यांच्या कॉटजवळ बसून सगळी गोष्ट वाचून दाखवली. त्या वाती वळत ऐकत होत्या. कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच फिरायची आणि वात सरळ, सारख्या जाडीची होऊन डब्यात पडायची. तीच बोटं, ज्यांची खूण मशीनला पटली नव्हती. जमिनीवर गेलेला कुनो त्यांना आवडला. दणकट मुलांचं ऐकून त्यांचे हात थांबले, पण बोलल्या नाहीत. शेवटी मशीन बंद पडतं. उजेड जातो, ऐकण्याची सवय झालेली घरघर थांबते आणि पहिल्यांदाच पडलेल्या त्या शांततेनेच हजारो माणसं मरतात. वाश्ती अंधारात दाराबाहेर येते, बोगद्यात माणसांचे ढीग. तिथे तिला कुनो सापडतो.

"मग?" आत्ती म्हणाल्या. "त्या बाईनं पोराला जवळ घेतलं का न्हाई?"

"घेतलं, आत्ती. अगदी शेवटी."

"मशीन बंद पडल्यावर?"

"हो."

आत्तींनी उरलेला पेळू गुंडाळून ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि मला उठवून बसव म्हणून हात पुढे केला.